पुढच्या जीपवर वनमालाकाकू

अंजनगावच्या वनमालाकाकू वीस वर्षांपासून ट्रॅक्टर चालवतात. पुतण्या किशोर मित्रांसोबत चिखलदऱ्याकडच्या डोंगरवाटांवर चार जीप न्यायचं ठरवत होता. चौथीला ड्रायव्हर मिळेना, तरी यादीत काकूंचं नाव स्वयंपाकालाच होतं.

"चौथी मी चालवतो ना," काकू म्हणाल्या.

"काकू, ते वावर नाही. उभा उतार आहे."

"मंग उतारावर तू काय करशीन?"

"ब्रेक दाबीन."

"अन् घसरत जाशीन. पहिला गेर टाकाचा, गाडी इंजिनाले धरू द्याची. कापसाची ट्रॉली मी तशीच उतरवतो."

मित्र किशोरकडं पाहून हसले. त्यानं पहिल्याच जीपसमोर काकूंचं नाव लिहिलं. "आमी तुमच्या मागं येतो."

काकूंनी मनातल्या मनात गजानन महाराजांना हात जोडले. "निघाचं किती वाजता?"