अक्काची आरोळी

"अक्का गेली..." गावाहून, राजेश्वरहून भावाचा फोन आला, आणि मला आधी तिचा आवाज आठवला, चेहरा नंतर. या बांधावरून त्या बांधाला पोचणारा खणखणीत आवाज! चुलतभावाची बायको ती. माहेर आळंदचं, घरात कन्नड, बाजारात मराठी. आम्ही सगळे दीर तिला अक्काच म्हणायचो.

लग्नानंतरची तिची पहिली येळवस मी पाहिली आहे. आमच्याकडे या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं आणि ज्वारीभोवती आंबील शिंपडत आरोळी देतं. तिचा अर्थ कोणाला विचारू नका. बापजाद्यांपासून चालत आलीय, एवढंच. आमची आरोळी 'ओ'नं सुरू होते. अक्कानं आळंदची दिली, 'हु'वाली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकू, म्हणजे तिच्या सासूबाई, कडाडल्या, "हे आळंदचं हितं चालायचं न्हाई!"

"कामून?" अक्का म्हणाली. "एकच हाय की ते. वाटंत बदलत गेलंय."

नवी सून सासूला 'कामून' विचारते! काकूही हट्टी. "दाव मग," म्हणाल्या.

पुढच्या येळवशीला घरचं शेत पुरुषांवर सोपवून सासू-सुना जीपनं आळंदला निघाल्या. गाडी हाकायला मी. त्या दिवशी वाटेतलं कुठलंच शेत पाहुण्याला भज्जी-आंबिलीशिवाय सोडत नाही. काकू जेवत होत्या, ऐकत होत्या. एका शिवारात 'ओ' दबला, पुढच्या गावात त्याला 'ह' चिकटला, नंतर मागचे शब्दही आखडले... आणि आळंदच्या शिवेवर अक्काचीच आरोळी कानावर आली. आपली कुठे संपली, हे काही काकूंना सांगता येईना. पोट मात्र तुडुंब! परतताना एवढंच म्हणाल्या, "व्हय गं. एकच हाय."

तेव्हापासून दर येळवशीला आंबिलीचं मडकं घेऊन अक्का पुढे 'हु'ची आरोळी देणार आणि मागून सगळी भावकी 'ओ'ची. तो गजर ऐकून माझी छाती फुगायची, आठवला की अजूनही फुगते.

यंदा अक्का नाही, तर येळवस करावी की नाही, अशी कुजबुज झाली. थकलेल्या काकूंनीच करायची ठरवली आणि मडकं अक्काच्या सुनेकडे दिलं. ही औरादची. तिनं आरोळी दिली, ती ना 'ओ'ची ना 'हु'ची, तिसरीच. सगळे काकूंकडे बघू लागले.

काकूंनी डोळे पुसले. "काय बघायलाव? म्हणा तिच्या मागं," त्या म्हणाल्या. "त्या वाटंनं आपण अजून गेलो न्हाई."