बिनचूक इंग्रजीची मीटिंग

शेंद्र्याच्या कारखान्यातली सकाळची मीटिंग आठवली की मला आजही शिसारी येते. टेबलावर कालच्या चहाचे चिकट डाग आणि पलीकडं आमचे मॅनेजरसाहेब, खारी चहात बुडवून खाणारे, मग बोटं चाटणारे. साहेब आमच्याकडचेच. घरून फोन आला की "व्हय, व्हय, आणतो" म्हणायचे. पण मीटिंग इंग्रजीतच, हा त्यांचा हुकूम. वर एक रिवाज काढला होता: ज्याचं इंग्रजी चुकेल त्यानं उभं राहायचं, दुसरा कुणी चुकेपर्यंत. सोमवार असला तर 'ऑन', दहा वाजले तर 'ऍट'. माल निघो न निघो, हे बरोबर पाहिजे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी तिथं रोज पाहिलं.

मी क्वालिटीत होतो. शेजारी प्रेस शॉपचा सुपरवायझर बसायचा, सोयगावकडचा. त्याला एकच गोष्ट सांगायची होती: मोठ्या प्रेसची जाळी, म्हणजे गार्ड, निखळली आहे, ऑपरेटरचा हात थेट साच्याखाली जातो, मशीन बंद करू द्या. ती परवानगी फक्त साहेबांच्या हातात होती.

"सर, वी डिस्कस्ड अबाउट द गार्ड..." त्यानं सुरुवात केली.

"डिस्कसपुढं अबाउट लागत नाही! किती वेळा सांगायचं? उभे राहा."

सगळे हसले. तो उभा राहिला आणि साहेब डिस्पॅचवर गेले. जाळीचं पुढं कुणी विचारलंच नाही.

संध्याकाळी त्यानं शहरातल्या औरंगपुऱ्यातून इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये तो माझ्यासमोर वाक्य घोकत होता. "लई अवघड हाय राव. पर आज चुकत नाय," म्हणाला.

आणि खरंच चुकला नाही. "सर, ऍट येस्टरडेज मीटिंग आय मेन्शन्ड द गार्ड ऑन द बिग प्रेस. इट इज लूज."

साहेबांनी हातातली खारी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. आम्हालाही वाजवायला लावल्या. "बघा! याला म्हणतात सुधारणा! नेक्स्ट पॉइंट."

"साहेब, पण ती जाळी..."

"इंग्लिश, प्लीज."

त्याच आठवड्यात ऑपरेटरची दोन बोटं साच्याखाली गेली. दुपारी आमच्यासोबत डबा खाणारा माणूस. आता भाकरी मोडायला त्याला डावा हात लागतो. त्या कारखान्याची मला तेव्हापासून जी घाण वाटते ती वाटतेच.

दुसऱ्या दिवशी मीटिंग वेळेवर भरली. खारीची बशीही आली.

"व्हाय वॉज आय नॉट टोल्ड?" साहेबांनी विचारलं.

मग सुपरवायझर उठला. त्या दिवशी त्याला उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

"सांगितलं व्हतं साहेब," तो म्हणाला. "तुम्ही टाळ्या वाजवल्या."