आयकू आला का?

“हा प्रोग्रॅम कोणाले बोलावून राहिला, ते पाहा आधी.” चष्मा शर्टाच्या टोकानं पुसत भाऊ असं म्हणाले की समजायचं, कॉम्प्युटरवर एरर आली आहे. भंडाऱ्याच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात मी त्यांच्या शेजारी बसायचे. तुमच्याकडेही असा एखादा काळजीखोर असेलच. आमचे भाऊ कुलूप लावून जिना उतरायचे आणि ते ओढून पाहायला पुन्हा वर यायचे. आम्ही हसायचो.

त्या पावसाळ्यात मात्र कोणाला हसू आलं नाही. वैनगंगेचं पाणी वाढलं की काठावरच्या गावांतले भोंगे वाजवणारा प्रोग्रॅम आमचा होता. वीज पडून त्याचा कॉम्प्युटर जळला. नव्यावर प्रोग्रॅम पुन्हा बांधायला घेतला, तर एकेक भाग नीट कंपाइल होऊन तयार व्हायचा आणि सगळे जोडताना अडायचं. भोंग्याला निरोप देणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइलच, सापडत नव्हती. इकडे धरणाचे दरवाजे उघडल्याचा फोन येऊन गेलेला.

लाखांदूरकडच्या काठावर भाऊंची आई एकटी राहायची. भाऊंनी तिला फोन करून उंचावरच्या शाळेत जायला सांगितलं, तर ती म्हणाली, “भोंगा वाजला का निघीन. तुयाच आहे नं तो!”

भाऊंचा चेहरा उतरला. लेकाच्या भोंग्यावर तिचा असा विश्वास, आणि भोंगा तर मुका.

आम्ही लायब्ररी आणून टाकली. पुन्हा तीच एरर.

“भाऊ, आता तर आहे ना! मग काहून नाही सापडत?”

“आहे ताई, पण उभी कुठं आहे?” त्यांनी जोडणीच्या ओळीवर बोट ठेवलं. लायब्ररीचं नाव सगळ्यांच्या आधी होतं. “हा जोडणारा लिंकर पुढं पुढं जाते, वळून पाहत नाही. मागणारा आधी पाहिजे, देणारा त्याच्या मांगं.” त्यांनी ते नाव उचलून शेवटी टाकलं.

प्रोग्रॅम जोडला गेला आणि भोंगे वाजले. भाऊंनी लगेच फोन लावला.

“माय, आयकू आला का?”

“आला नं. निघाली मी. तू जेवला का?”

भाऊ चष्मा पुसत राहिले. तेव्हा एरर कुठेच नव्हती.

पुढे दर वेळी भोंगा वाजला की त्यांचा तो फोन ठरलेला.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. कुलूप आता मी ओढून पाहते. यंदा नदी चढली, प्रोग्रॅम बिनबोभाट चालला, पण आईला फोन लावायला भाऊ नव्हते. मग मीच फोन लावला.

“माय, आयकू आला का?”

पलीकडून भोंग्याचा आवाज येत होता.

“आला नं,” म्हातारी म्हणाली. “तू जेवली का, बाई?”