डॉक्टरांना सांगायचं राहिलं

गोळी सुरू झाली तसे ह्यांच्या कानात बोलणारे आवाज थांबले, पण हात थरथरू लागले. बशीतला चहा अंगावर सांडायचा. शेवटी मी भरवायला लागले.

नंदुरबारला डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "पोरीसमोर तू माले भरावस, माले लाज वाटस. डॉक्टरले तूच सांगजो."

ह्यांचे हात बघून डॉक्टरांनी मलाच विचारलं, "दुसरी गोळी आहे. हात थांबतील, पण झोप फार येईल, वजन आणि शुगर वाढू शकते. कदाचित आवाजही परत येतील. काय करायचं?"

शेजारी सासरे बसले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांच्यासमोर मी कधी बोलले नाही. मी पदर पुढे ओढला आणि खाली बघत राहिले.

सासरे म्हणाले, "हाईच गोळी बरी शे. पोऱ्या शांत शे, आखो काय पाहिजे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली.

बसमध्ये हे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. घरी आल्यावर पोरीला अंगणात पाठवून मी त्यांना भरवलं.