किनुयोबाईंचा उलटा गठ्ठा

आमच्या सुवा गावातल्या पोरांनी उठवलेली आवई अशी: मोमोसे किनुयो नावाच्या म्हातारीच्या हातची केबल गेमला लावली की गेम मरतो. नुसता बंद पडत नाही, मरतो. पडदा पांढराफटक होतो, आत साठवलेलं सगळं पुसलं जातं, आणि ज्याच्या हातात गेम असेल त्याच्या बोटांवरच्या रेषाही जातात. पुरावा? खुद्द म्हातारीची बोटं. "शपथ सांगतो, माझ्या भावानं पाहिलंय. ती काचेवर हात ठेवते ना, ठसाच उमटत नाही. गुळगुळीत! अंड्यासारखी बोटं!"

यातलं बोटांचं तेवढं खरं. पण ती केबलनं गेलेली नाहीत. पंधराव्या वर्षी किनुयोबाई शेजारच्या ओकायातल्या रेशीम गिरणीत लागल्या. उकळत्या पाण्यात कोष तरंगायचे आणि त्यातून धाग्याचं टोक बोटांनी शोधून काढायचं, दिवसभर, सहा वर्षं. रेषा तिथे त्या पाण्यात राहिल्या. नंतर घड्याळाच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं, आणि नवरा गेल्यावर घरबसल्या काम. गेम मेले हेही खरं, पण ते एकाच शनिवारी. आणि त्या दिवशी बाई पोरांपाशी वेळेत पोचल्या नसत्या तर काय झालं असतं, ते पोरं सांगत नाहीत. चूक कोणाची होती हेही सांगत नाहीत. ते बाई स्वतःच सांगतात, कोणी विचारलं नाही तरी.

काम साधं. हातातल्या गेमच्या कुशीत एक खोबण असते, तिच्यात सहा पिना. पहिलीतून वीज बाहेर येते, सहावीतून परत जाते. मधल्या पिना बोलायच्या आणि ऐकायच्या: एका गेमचं बोलणं दुसऱ्याच्या कानात गेलं पाहिजे. त्या हिवाळ्यात पोरांना एकमेकांच्या गेममधले भुंगे अदलाबदल करायचं वेड लागलं होतं, त्यामुळे केबलींना तोटा नव्हता. ठेकेदारानं त्या वर्षी नवी केबल आणली, मधोमध छोटा दिवा असलेली. दिव्याला वीज लागते, म्हणून एरवी मोकळी राहणारी पहिली पिनही आता भरायची होती, जाड लाल वायरीनं. एक टोक कारखान्यातून बसवून यायचं, दुसरं किनुयोबाईंसारख्या घरोघरच्या बायका भरायच्या. बारा केबलींचा एक गठ्ठा.

घरी काम करणारी बाई कागदावरचा नकाशा बघत नाही. ती नमुन्याचा प्लग दोऱ्यानं दिव्याखाली टांगते आणि समोर दिसतं तसं हात करत जातात. अकरा वर्षं नमुना टांगायचा तो तोंड आपल्याकडे करून. जुना ठेकेदार थकला आणि त्याच्या जागी यानागिसावा आला. त्यानं नमुने पुठ्ठ्याला चिकटवून वाटले, शेपूट, म्हणजे वायर निघते ती बाजू, आपल्याकडे करून. तोंडाकडून पाहिलं तर पहिली पिन डाव्या हाताला. शेपटाकडून पाहिलं तर उजव्या. एवढाच फरक, आणि तो सांगायला यानागिसावा विसरला.

शुक्रवारी संध्याकाळी तो पहिला गठ्ठा घाईघाईनं घेऊन गेला. शनिवारी सकाळी आठला किनुयोबाईंनी पाय उबेला घेतले, चहाचा घोट घेतला आणि तेरावी केबल उचलली. लाल वायर खोबणीत सरकवली. बोट थांबलं.

 मग नमुना पुठ्ठ्यासकट खाली ओढला, उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला.

बाहेर तळं दणकलं. गोठलेलं तळं सकाळी बर्फ तडकून असं दणकतं, त्यात नवल नाही. पण त्यांना दचकायला झालं.

खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी ती केबल तशीच पुरी भरली, रेडिओतल्या बॅटऱ्या काढल्या, विजेरीतल्या काढल्या, आणि गेममध्ये असतात तशा चार-चारच्या दोन जुड्या त्या तेराव्या केबलच्या दोन टोकांना धरल्या. एकीची वीज दुसरीच्या परतीच्या वाटेत घुसली, दुसरीची पहिलीच्या. दिवा लागला, छान हिरवा. दहा मोजेपर्यंत केबल कोमट झाली. वीस मोजेपर्यंत तिची कातडी चकाकायला लागली. तिसाला वास आला. त्यांनी हात सोडले.

तशा बारा बाहेर गेल्या होत्या. त्यांनी ठेकेदाराला फोन लावला.

"यानागिसावा-सान, कालचा माझा गठ्ठा परत हवाय."

"हां हां, मोमोसे-सान! थंडी काय म्हणतेय?"

"पहिली आणि सहावी उलट बसलीये. माझ्या हातून."

यानागिसावाला अडचण आली की तो दातांतून हवा आत ओढतो. "स्स्स... म्हणजे बघा ना, तसं म्हटलं तर... तपासणी झालीये ना. दिवा लागला, पास."

"दिवा कारखान्याच्या टोकाकडून लागतो. माझ्या टोकात काय भरलंय ते त्याला काय कळतंय?"

"हां हां. पण तुम्ही फार मनाला लावून घेता, मोमोसे-सान. या वयात तब्येतीला..."

"गठ्ठा कुठाय?"

"स्स्स... नावाच्या चिठ्ठ्या काढून कारखान्यातच पुऱ्या झालेल्या केबलींच्या पेटीत मिसळला बघा. साठची पेटी. हानाओकांच्या खेळण्यांच्या दुकानात पोचली ती, आजच्या अदलाबदलीच्या मेळ्याला. दहाला आहे मेळा. जाऊन या ना, पोरांची मजा बघा!"

दुकानाचा फोन लागेना. सकाळपासून गावातल्या सगळ्या आया तिथे फोन करून एकच प्रश्न विचारत होत्या, मुलांचा डबा आणायचा का. किनुयोबाईंनी चार वेळा फिरवून पाहिला. मग बर्फाचे बूट चढवले आणि निघाल्या. उतारावर रात्रीचा बर्फ दगड झाला होता. त्या भिंतीला धरून चालत होत्या आणि मनात चित्र एकच: दोन पोरं, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा, आणि मध्ये हिरवा दिवा. पोरं तशीच बसतात. तोंडाजवळ धरून.

दहाला पाच कमी असताना त्या जिना चढून आल्या. ते दुकान माझ्या वडिलांचं, आणि वरच्या हॉलच्या दारात पोरांची नावं लिहून घेत मीच बसले होते, म्हणून पुढचं मी पाहिलेलं आहे. चाळीस पोरं, चाळीस गेम, आणि टेबलावर केबलींची उघडी पेटी.

"एकही लावू नका," बाई म्हणाल्या. धापेमुळे आवाज फुटत नव्हता. त्यांनी आधी माझ्या वडिलांसमोर कमरेत पूर्ण वाकून माफी मागितली, मग कारण सांगितलं.

वडील गोरेमोरे झाले. "ओबाचान, अहो आजी, साठच्या साठ बाजूला ठेवू? ही पोरं मला फाडून खातील हो!"

"साठ नाही. बारा. मी काढून देते."

"सगळ्या सारख्याच दिसतात!"

"दिसतात," बाई म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

एकेक केबल त्यांनी हातानं भरायच्या टोकाशी दोन बोटांत धरली आणि बाकीची खाली लोंबू दिली. लाल वायर इतरांपेक्षा जाड. ती बरोबर बाजूला असली की प्लग बोटांत शांत राहतो. चुकीच्या बाजूला असली की किंचित वळतो, म्हणे. मी नंतर शंभरदा करून पाहिलं, मला कधी काही वळल्याचं जाणवलं नाही. पोरं आधी खिदळली. "ओबाचान झोपली रे!" "ओबाचान, मासा लागला का गळाला?" हळूहळू खिदळणं थांबलं. केबली डावीकडे पडत होत्या, डावीकडे, डावीकडे, मग एक उजवीकडे. त्या उजवीकडच्या ढिगाकडे कोणी हात नेईना.

पेटी रिकामी झाली. उजवीकडे अकरा होत्या.

वडिलांनी त्यातली एक उचलून दुकानातले जुने दोन गेम जोडले. त्यांचा विश्वास नव्हताच. हिरवा दिवा लागला. दोन्ही पडदे पांढरे झाले, मग राखाडी, मग काहीच नाही. वडिलांनी केबल ओढून काढली आणि "आँ!" करून जमिनीवर टाकली. चटईवर तिचा वेटोळ्यासारखा डाग पडला. तो अजून आहे.

"अकराच निघाल्या, ओबाचान," मी म्हटलं. "तुमची मोजायला चूक झाली असेल."

"गठ्ठा बाराचा असतो."

"मग बारावी?"

बाई पोरांकडे वळल्या. "कोणी घेतली? रागावणार नाही मी." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. स्टोव्हवरची किटली तेवढी सूं सूं करत होती. बाईंनी मान थोडी वर केली, जशी भात लागल्याचा वास आल्यावर करतात. आणि त्या सरळ कोपऱ्यात गेल्या, जिथे पोरांनी काढलेल्या कोटांचा ढीग कमरेएवढा झाला होता.

कोट उपसले. खाली कामिजो सुतारांची आठ वर्षांची नात्सुए आणि तिचा धाकटा भाऊ, दोघं गुडघ्याला गुडघा लावून. सगळ्यांच्या आधी अदलाबदल उरकावी म्हणून साडेनऊलाच पेटीतून एक केबल उचलून तिथे शिरले होते. वाद झाला होता कुठला भुंगा द्यायचा यावर, म्हणून जोडली होती आत्ताच. कोटांच्या आत धूर कोंडला होता. बाईंनी प्लग नुसत्या हातानं उपटला.

नात्सुएच्या तळव्यावर लाल चौकोन उठला होता, वर पाण्याचा फोड. ती रडत नव्हती. "गरम व्हायला लागली," ती म्हणाली, "मला वाटलं, चालतेय."

"माझा राजा भुंगा गेला का गं?" भाऊ विचारत होता. "ताई, गेला का?"

माझ्या आईनं नात्सुएचा हात थंड पाण्याखाली धरला. वडील पोरांना खाली पाठवायला लागले. किनुयोबाई हॉलच्या मध्यभागी उभ्या होत्या, बारा केबली हातात घट्ट धरून, आणि मला वाटलं, आता यांना सुटल्यासारखं वाटत असेल. पण त्यांचा चेहरा मघापेक्षा वाईट दिसत होता.

"तसले पुठ्ठे एकोणीस घरांत गेलेत," त्या म्हणाल्या. "मला तेराव्या केबलला कळलं. बाकीच्या बायका किती पुढे गेल्या असतील? आजची गाडी मात्सुमोतो शहरात जाते, तिथल्या दुकानांत."

मी यानागिसावाची नक्कल झकास करते. तो दुकानात येऊन गेला की मी गल्ल्यामागून हवा ओढते आणि गिऱ्हाइकं हसून लोळतात. त्यामुळे तो माणूस मला आतून ठाऊक आहे असा माझा समज होता. घाबरट आहे, वाईट नाही. "आत्ता फोन लावू," मी म्हटलं. "पोरीचा हात भाजला म्हटल्यावर तो गाडी थांबवणारच."

"नाही थांबवणार."

"थांबवेल हो, ओबाचान! लावता पैज?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "लावते. थांबवली तर माझ्याकडची सुकवलेली पर्सिमन फळं सगळी तुझी. नाही थांबवली तर ती अठरा घरं तू फिरायचीस. आज. पुठ्ठ्यावरचा नमुना उलटा करा म्हणून सांगायचं, आणि झालेल्या केबली दारातच ताब्यात घ्यायच्या."

"चालेल!" मी म्हटलं. पर्सिमनं माझीच झाली होती.

फोन मी लावला. भाजलेला तळवा, मेलेले चार गेम, कोटांखालचा धूर, सगळं सांगितलं, माझ्या स्वतःच्या आवाजात.

"स्स्स... अरेरे. हां हां. नात्सुए-चान म्हणजे सुतारांची? अरेरे. पण बघा ना, गाडी तर निघाली हो. आत्ताच. सोमवारी बघतो मी, नक्की बघतो."

त्याच्या गाडीचं इंजिन उभं असताना तिसऱ्या ठोक्याला अडखळतं. ती नक्कलही मी करते. फोनमध्ये, त्याच्या आवाजामागे, ते इंजिन शांतपणे अडखळत होतं. मग कोणीतरी मागचं दार सरकवून लावलं, इंजिन चढलं आणि आवाज लांब जायला लागला.

मी फोन ठेवला. वडिलांनी तो लगेच उचलून मात्सुमोतोतल्या दुकानांचे नंबर फिरवायला घेतले. मी किनुयोबाईंना सांगायला वळले, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. मी नंबर फिरवत होते तेव्हापासूनच त्या टेबलाशी वाकून लिहीत होत्या. अठरा नावं, अठरा गल्ल्या, सगळ्यात भरभर हात चालणाऱ्या बाईचं घर पहिलं. कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

मी पैज हरले होते. बूट घालायला खाली बसले.