खिंडीतले आठ दगड

वाऱ्यात सायकल चालवणाऱ्यांचे किस्से उडून जात नाहीत, उलट साचतच जातात. आमच्या ग्रुपमधले निम्मे तर माझ्या घाबरण्याचेच! हे सगळे एकाच दिवसाचे.

बी.कॉम. झाल्यावर मी राजूदादाकडे लागले. तो तुमसरकडच्या डोंगरात सायकल टूर नेतो. त्या दिवशी पहिल्यांदाच मला 'शेवटची' केलं. म्हणजे आठही पाहुण्यांच्या मागे राहायचं, कोणालाही मागे सोडायचं नाही. निघतानाच दादा म्हणाला, "एक जरी मानूस मागं राह्यला, तं उद्यापासून येऊ नको."

मी आठही पाहुणे तिथंच दोनदा मोजले!

* * *

धानाच्या बांध्यांमधून जाताना अचानक "फट्!" झालं. टायर फुटला म्हणून मी किंचाळले. अख्खी रांग थांबली.

मेश्रामकाकूंनी, म्हणजे पाहुण्यांमधल्या निवृत्त शिक्षिकेनं, शांतपणे हात पुढे केला. हातात चिवड्याचं पाकीट.

"मी हेच उघडून राहिली होती. खातं का?"

* * *

घाटाच्या पायथ्याला चहा. टपरीवाल्या मावशींना मी विचारलं, "वर वारा किती आहे हो?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू दोन चहा घे, बाई. जरा वजन वाढू दे!"

* * *

चढावर वारा थेट समोरून. मी पेडल मारतेय, सायकल जागच्या जागी! एवढ्यात काकूंचे यजमान, मेश्रामकाका, सायकल हातात धरून पायी पायी माझ्या पुढे गेले.

जाता जाता म्हणाले, "शेवटी राहाचं काम तुले मस्त जमते, पोरी!"

* * *

खिंडीच्या अलीकडच्या वळणावर आडवा झोत आला. सायकल दरीकडे सरकली. मी तिला मिठी मारून रस्त्यावरच बसले, डोळे गच्च मिटून. उघडले तर कठड्यावर एक वानर, कठडा घट्ट धरून माझ्याकडे बघतंय!

पुढून काकू ओरडल्या, "घाबरू नको वं! त्यालेही वाटून राहिलं का आता आपन उडतो!"

* * *

खिंडीत मोबाईलला रेंज नाही. म्हणून आमची एक पद्धत आहे. वर पोचलेल्या प्रत्येक पाहुण्यानं वाघोबा देवाच्या चौथऱ्याशेजारी एक दगड ठेवायचा आणि खाली उतरायचं. शेवटच्यानं दगड मोजायचे. आठ भरले की सगळे पुढे गेले.

मी तीनदा मोजले. आठ! सुटले एकदाची, म्हणत उतरले.

खाली पाहुणे सात. मेश्रामकाका नाहीत!

काकूंचा चेहरा पांढरा पडला. "हे त्या वानराच्या वळणावर खडकाआड गेले होते... मले म्हणे, तू हो पुढं. वाकलं का यांची कंबर धरते, म्हनून यांचाही दगड मीच ठेवला."

दादानं फक्त वर खिंडीकडे बोट केलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मी सायकल वळवली. पुन्हा तोच चढ. "काका! काका!" वाऱ्यात माझी हाक मलाच ऐकू येईना. प्रत्येक वळणावर उतरून दरीत डोकवायचं, आणि डोकवायला तर जीव धजत नव्हता.

काका खिंडीत होते. चौथऱ्यापाशी मांडी घालून बसलेले, हातात एक दगड. मला रडूच फुटलं.

"काका, इथं काहून बसले? खाली काहून नाही आले?"

काकांनी समोरच्या दगडांकडे पाहिलं, मग हातातल्या दगडाकडे, मग माझ्याकडे.

"पोरी, आठ तं आधीच भरले होते. मंग मी कोन?"