चरबीच्या डब्यातलं मीठ

एक डबा चरबी. खाटकाने जवळजवळ फुकट दिली, पण पडली महागात... ती कढवण्यात आईचा अख्खा रविवार गेला, आठवड्याचं जळण संपलं, आणि शेजारच्या अक्का तीन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता!

ही गोष्ट साठ सालच्या आसपासची. बंगळूरला हेब्बाळच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये मी नुकतंच पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तेव्हा पंपाच्या दांड्याजवळून पाणी गळू नये म्हणून सुती दोरीचे वेढे ठासायचे, आणि ती दोरी आधी चरबीत बुडवायची. दांडा गुळगुळीत फिरायचा, दोरी जळायची नाही.

बाकीच्यांची चरबी महिन्या-दोन महिन्यांत खवट व्हायची. आमची नाही! येईल त्या गिऱ्हाइकाला मी डबा उघडून वास घ्यायला लावायचो. शिवाय पंपाच्या आवाजावरून बिघाड सांगायचो... माझ्या कानातून काही सुटत नाही, हा तोराही होताच.

आणि मग एका द्राक्षबागेतून निरोप आला. तीन आठवड्यांपूर्वी मीच दुरुस्त केलेल्या पंपातून कारंजं उडत होतं, आणि वेलींना पाणी नव्हतं. त्या रस्त्यावरचे बागवाले एकमेकांचं ऐकून माणूस ठरवायचे. हा बागवाला गेला असता, तर दुकानच गेलं असतं.

मी बसप्पा अण्णांना सोबत घेतलं. एका गिरणीतून निवृत्त झालेले म्हातारे फिटर, रोज संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचे. पंप खोलला तर जिथे दोरी होती, नेमका तिथेच दांडा गंजाने खाल्लेला. अण्णांनी माझा डबा मागितला, बोटाच्या टोकावर कणभर चरबी घेतली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"उप्पु! मीठ! रावरे, पंपाला लोणचं घातलंत की काय?"

मला आठवलं. "वर्षभर टिकली पाहिजे," असं मीच आईला सांगितलं होतं. आमच्या घरात जे टिकवायचं त्यात मीठ पडतं... तिने दोन मुठी घातलं होतं.

अण्णांनी पॉलिश कागदाने दांडा घासला, स्वतःच्या डबीतल्या चरबीत नवी दोरी बुडवून ठासली. दिवस मावळायच्या आत पाणी वेलींना लागलं. चूक माझी, हे मी मालकांना सांगून टाकलं. ते स्वल्प रागावले, पण दुसरा पंपही माझ्याकडेच आला.

पुढच्या रविवारी अण्णांनी घरी येऊन रीत दाखवली. चरबी पाण्यात उकळून निवू द्यायची, मीठ खालच्या पाण्यात उतरतं, वरची वडी उचलून पुन्हा कढवायची. "तडतड थांबेपर्यंत ऐकत बसा. थांबली की पाणी संपलं, मगच झाकण." त्या एका धड्यावर माझं दुकान पुढे तीस वर्षं चाललं.

अण्णांचे आभार मानायचे राहूनच गेले, म्हणून आज लिहितोय... काही वर्षांनी त्यांच्या मुलीच्या लग्नात मी गमतीने विचारलं, "अण्णा, मटण कधी खिलवणार?" त्यांच्या बायकोने चमकून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं.

त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी मांस तोंडाला लावलं नव्हतं. अण्णांनी जन्मात एकदाच चरबी जिभेवर ठेवली होती, माझ्या डब्यातली... आणि रोज शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं.